बुधवारला देव नाही

बुधवारी मालनने शेजारच्या चंपाकडून बोंबलाचं कालवण घेतलं. आता हे विसरा. असं काही झालेलं नाही.

नवऱ्याची, देवेशची, कंपनी बंद पडल्यापासून मालनच्या घरात भूक नव्हती, उपास होते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. फराळ नाही, साबुदाणा तांदळापेक्षा महाग. लेकीला, छोट्या गंधालीला, मात्र सगळ्या देवांनी सूट दिली होती, ती रोज वरणभात जेवायची. बुधवारला देव मिळाला नव्हता. त्या दिवशी मालन जेवायची वेळ विसरायची. जोगेश्वरीच्या त्या चाळीत एवढं धार्मिक घर दुसरं नव्हतं.

तर बुधवारी दुपारी चंपा पातेलं घेऊन दारात. तिच्या घरी बुद्धाची तसबीर, उपासतापास काही नाही. पण मालनचे देव तिला पाठ झाले होते.

"मीठ बघ ना गं जरा. सर्दी झालीय, चवच कळत नाही."

"आज उपास आहे माझा."

"कोणाचा?"

मालनने देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

"बुधवारी कोणी नसतं," चंपा म्हणाली. "मी विचारून आलेय."

"कोणाला?"

"तुझ्याच नवऱ्याला."

आत देवेश एकदम पेपर वाचायला लागला. पेपर परवाचा होता.

"आण," मालन म्हणाली. "पण फक्त मीठ बघणार हां."

चंपा पातेलं ठेवून गेली, आणि गंधालीसकट घरातल्या तिघांनी मीठ बघितलं. इतकं बारकाईने बघितलं, की पातेलं घासायची गरज उरली नाही. मालनने तरी घासलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिने एकेक डबा उघडून पुन्हा लावला. मग खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता खुडला. सगळा. कुंडीत काठी उरली.

"मीठ बरोबर आहे," चंपाच्या दारात ती ताठ मानेने म्हणाली. "आणि हा घरचा कढीपत्ता. तुझ्याकडे नसतो ना."

"नसतो यार," चंपा म्हणाली. "त्याच्यावाचूनच अडलं होतं बघ."

मालन परतली तेव्हा देवेश देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभा होता. कंपनीत तो पत्रव्यवहार सांभाळायचा.

"सर्व संबंधित देवांना विनंती," तो म्हणाला, "की यापुढे बुधवार आठवड्यातून किमान दोनदा यावा, आणि त्या प्रमाणात आमच्या कढीपत्त्याला जादा पानं मंजूर व्हावीत."