ज्योतीचं ऑर्किड

चारुलतानं पानाच्या बुडाशी बोट दाबलं. काळपट पाणी निघालं. निंबा आबांनी मान दुसरीकडे वळवली.

सावद्याहून जळगावपर्यंत बसमध्ये त्यांनी कुंडी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. कंडक्टरनं गंमत केली होती, "आबा, झाडाचंबी तिकीट काढा." आबा हसले नव्हते.

सगळा जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस, पण या टीचभर ऑर्किडनं त्यांना जेरीस आणलं होतं. ते ज्योतीचं होतं. पोरगी दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मागे मूलबाळ नाही. जावयानं, राकेशनं, दुसरा संसार मांडला तेव्हा ही कुंडी तेवढी आणून दिली. तिचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं होतं. गेल्या वर्षी त्याला जांभळी फुलं आली, तेव्हा ज्योतीची आई सुनंदाबाई कुंडीशी बसून लेकीसाठी पोटभर रडल्या. या वर्षी पानांवर डाग पडू लागले.

"काय काय केलंत?" चारुलतानं विचारलं. नर्सरी तिचीच होती आणि ऑर्किडमधलं तिला कळायचं.

"केयीवर करपा आला का करतो, तेच. डागी पानं कापली. हयद लावली. पानी तोडलं."

"काही चुकलं नाही तुमचं." तिनं मधलं कोवळं पान हलकेच ओढलं. ते अलगद हातात आलं.

पोंगाच, वाढीचा मधला कोंबच, सडला होता. पोंगा सडल्यावर पुढे काय होतं, हे आबांना कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी विचारलं, "काहीच नाही व्हनार?"

"हे झाड जाणार, आबा. पण मरता मरता ऑर्किड कधी कधी बुडाशी एक पिल्लू सोडतं, केळीला पील फुटते तसं. ते तेवढं जपायचं. वाढलं की त्याला हीच फुलं येतात, अगदी हीच."

चारुलतानं कुंडी उजेडात धरली आणि आतले सालीचे तुकडे बाजूला केले. बुडाशी विळ्याची ताजी खूण होती.

"इथं काय होतं?"

"पील," आबा म्हणाले. "परवाच काढली. मायचा जोर खाते म्हनून."