पाचचा शिक्का

"आलं नाही ना अजून?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"नाही आलं, ताई," कारकून म्हणाला. "पण पाचपर्यंत वेळ आहे. धीर धरा."

बाई "बरं" म्हणाल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या.

गेले तीन आठवडे रोज हेच चाललं होतं. फौजदारी अपिलांचे लेखी युक्तिवाद या खिडकीत दाखल होत. मुदतीच्या दिवशी पाचपर्यंत कागद आले नाहीत, की अपील निकालात निघालं आणि शिक्षा कायम झाली. बाई ज्या अपिलाचा नंबर सांगत, त्यात खुनाबद्दल जन्मठेप होती आणि आज शेवटचा दिवस होता. खिडकीवर नंबर सांगितला की पुरे, नातं विचारायची पद्धत नव्हती. विचारायचं तरी कशाला? त्या बाकावर झिजणाऱ्या आया त्याने एकतीस वर्षं पाहिल्या होत्या.

त्याला आता सगळ्याचाच वीट आला होता. कुरकुरणाऱ्या पंख्याचा, दुखऱ्या गुडघ्यांचा आणि वकिलांचा तर फारच. तीस दिवसांची मुदत म्हणजे तिसाव्या दिवशी जागं व्हायचं, अशी त्या जमातीची समजूत.

पहिल्याच दिवशी त्याला शिक्का मारताना पाहून बाई म्हणाल्या होत्या, "माझा मुलगाही डावखुराच." तेव्हापासून तो आपल्यातला अर्धा चहा त्यांना देत असे.

पाच वाजले. पाचच्या ठोक्याला शिक्क्यावरची तारीख एक दिवस पुढे सरकवायची, हा त्याचा नेम. न्यायाधीशांच्या मेव्हण्यालाही त्याने एकदा तसंच परत पाठवलं होतं. आज त्याने शिक्क्याच्या चाकाला बोट लावलं आणि सहज वर पाहिलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून, हातात पिशवी आवळून. त्याने बोट काढून घेतलं.

पाच वाजून अकरा मिनिटांनी वकील धापा टाकत आला.

"मेलो, साहेब! गाडी बंद पडली. पाया पडतो तुमच्या!"

"तुमची गाडी दर महिन्याला बंद पडते," कारकून म्हणाला. "माझ्या कशाला पडता? पडायचंच असेल तर त्या ताईंच्या पडा."

आणि त्याने आजच्याच तारखेचा शिक्का मारला. वहीत वेळ लिहिली, चार पंचावन्न.

वकिलाने बाकाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि निघून गेला.

कारकुनाने खिडकी लावली आणि गुडघे सावरत तो बाहेर आला. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"झालं, ताई! जन्मात पहिल्यांदा नियम मोडला, फक्त तुमच्यासाठी. आता तुमचा मुलगा सुटेलसुद्धा."

बाई बाकावरून उठल्या.

"माझा मुलगा तुरुंगात नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याला मारणारा आहे."