मागं कुणी राहायचं न्हाय

“आबा, तुमीबी चला. आज मागं कुणी राहायचं न्हाय,” शिवकन्या दारातूनच म्हणाली.

वैजनाथ ढोलकीची दोरी ताणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“आन् इथं कोण?”

“इथं कोण येतंय आज? मतदानाची सुट्टी हाय. कोर्ट बंद, हापिसं बंद.”

परंड्याच्या त्या तमाशा थेटरात खेळ होईनासे झाले, तरी कलावंत गेले नव्हते. जायला गाव नव्हतं. रंगमंचामागच्या खोल्यांतून म्हातारे ढोलकीवाले, पेटीवाले, पाय थकलेल्या नाचणाऱ्या बाया राहत होत्या. मग जागा विकली गेली. नव्या मालकानं खाली करा म्हणून सांगितलं. तेव्हा शिवकन्याच धाराशिवला खेटे घालून स्टे घेऊन आली. कलावंत आत राहतायत तोवर भिंतीला हात लावायचा नाही, असं कोर्टानं बजावलं.

तेव्हापासून लग्न असो की मयत, कुणीतरी एक जण मागं थांबायचा. बहुतेक वेळा तो वैजनाथच असायचा. या राखणीपायी त्यानं एकाही निवडणुकीत मत दिलं नव्हतं.

“म्या थांबतो. तुमी जाऊन या,” तो म्हणाला.

शिवकन्या त्याच्यासमोर जमिनीवर बसली. आई मेल्यावर ती याच थेटरात वाढली होती. ताल कशाला म्हणतात, ते वैजनाथनं तिच्या इवल्या हातावर टाळी देऊन शिकवलं होतं. गाणारी म्हणून तिचं नाव झालं, गळा बसला, मग ती संघटनेत शिरली. गेले कित्येक महिने बेंबळीपासून माकणीपर्यंत गोंधळी, शाहीर, वाघ्या-मुरळी, सगळ्यांच्या दारात जाऊन ती एकच सांगत होती. कुणालाबी द्या, पण मत द्या. आपली मतं मोजली, तरच आपल्याला कुणी मोजंल.

“आबा, तुमी नसलात तर ही माणसं हलत्यात का? ढोलकी पुढं, मग बाकीचे मागं. आजवर असंच झालंय न्हवं?”

वैजनाथनं दोरीला शेवटची गाठ मारली. मग त्यानं पटका उचलला.

“लौकर यायचं पण.”

“व्हय. लौकरच.”

निघताना शिवकन्या एकेका खोलीत डोकावली. रंगमंचाच्या मागं वाकून बघितलं. अंथरुणाला खिळलेल्या मथुराबाईला खुर्चीत बसवलं आणि दोघांना खुर्ची उचलायला लावली. “वाजत जायचं, वाद्यं समदी घ्या,” असं तिनं दोनदा सांगितलं. पेटीवाल्या विरुपाक्षनं कुरकुर केली, तर पेटी तिनं स्वतः डोक्यावर घेतली. अंगणातल्या कुत्र्याचीही साखळी तिनं सोडली आणि त्याला फाटकाबाहेर हाकललं.

पोरगीचा जीव लई बारीकसारीक गोष्टीत असतो, वैजनाथच्या मनात आलं.

ढोलकी वाजत निघाली. दुकानांतून माणसं बाहेर आली. किती वर्षांनी परंड्यानं हा आवाज ऐकला असेल! शाळेजवळ चुन्याची पांढरी रेघ होती. तिथं पोलिसानं हात वर केला, आणि वैजनाथनं थाप थांबवली. रांग लांबलचक होती. ऊन चढलं. मथुराबाईची खुर्ची लोकांनी आपणहून पुढं जाऊ दिली. बाहेर आल्यावर ती शाईचं बोट पदरानं झाकत होती. पुसलं जाईल म्हणून भीत होती.

वैजनाथनं बटण दाबलं. यंत्र लांब ओरडलं. त्याला उगाच भरून आलं.

“चला आता,” बाहेर येताच तो म्हणाला.

“आलोच हाय तर च्या घेऊ,” शिवकन्या म्हणाली. “फोटोबी काढू समद्यांचा.”

“च्या घरी पिऊ की.”

“आबा, बसा हो. एक दिस तरी मोकळं बसा.”

तिचा आवाज जड झाला होता. इतक्या खटपटीनंतर माणूस हळवं होणारच, असं म्हणून तो बसला. तिनं सगळ्यांना भजी मागवली. पुन्हा चहा सांगितला. तिचा स्वतःचा कप मात्र तसाच राहिला, वर साय धरली.

परतताना वेशीच्या वळणावर विरुपाक्ष थबकला. थेटराच्या बाजूला धुरळा उठला होता.

“कुणाचं काय जळतंय का?”

ते जळत नव्हतं. फाटक आडवं पडलं होतं. मागच्या खोल्या गेल्या होत्या. पत्रे मुडपून एका अंगाला लोटले होते, आणि जेसीबी रंगमंचाच्या भिंतीला भिडला होता. मथुराबाई खुर्चीतून खाली घसरली आणि तिथंच मातीत बसून राहिली.

विरुपाक्षनं पोलीस ठाण्याला फोन लावला. सगळे बंदोबस्तावर गेलेत, संध्याकाळी या, असं उत्तर आलं.

वैजनाथनं ढोलकी खाली ठेवली आणि धावला. शिवकन्यानं त्याचा दंड घट्ट धरला.

“आबा, जाऊ नका. लागंल तुमाला.”

“सोड! माणसं राहत्यात हितं! स्टे हाय आपल्याकडं!”

तिच्या हाताला झटका देऊन तो सुटला आणि मशीनच्या तोंडासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. लोखंडी पंजा त्याच्या डोक्यावर थांबला. इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला. कोवळ्या वयाचा होता, घाबरला होता. त्यानं वैजनाथकडं बघितलंच नाही. त्याच्या खांद्यावरून मागं बघत तो म्हणाला,

“ताई, म्हाताऱ्याला सांजपर्यंत तिकडंच बसवून ठेवते म्हणाला होता न्हवं तुमी?”