टीव्हीकडे पाठ

बुधवारी जेवणाच्या वेळी टीव्ही पुन्हा छप्पर उडवायला निघाला होता. टेबलावरचे पेले थरथरत होते. म्हातारा मात्र टीव्हीकडे पाठ करून, समोर बसलेल्या मुलाकडे आणि सुनेकडे बघत मुकाट जेवत होता.

मुलाला या सगळ्याची शिसारी येत असे. बघायचा नाही तर लावायचा कशाला? हौसेने कानाचं यंत्र आणून दिलं, तर ते खणात पडून. आवाज कमी केला की म्हातारा उठायचा आणि परत वाढवायचा. वर ते सतत खाकरणं, चघळून ताटाच्या कडेला काढलेले चोथे. तीस वर्षं कापडाच्या गिरणीत, मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. कान तिथेच ठेवून आला होता. गेल्या महिन्यात गिरणीतला जुना सोबती भेटायला आला, तेव्हा दोघं याच गदारोळात तासभर समोरासमोर बसून खिदळत होते. आवाज एकाचाही चढला नाही. दोघेही ठार बहिरे, असं म्हणून मुलाने तोंड वाकडं केलं होतं.

या गोंगाटाचा एक फायदा मात्र होता. म्हाताऱ्यासमोर काहीही बोलता येई, फक्त घसा ताणावा लागे.

"रविवारी वकील घरी येतोय," मुलगा बायकोला ओरडून म्हणाला. "विजेचा मीटर नावावर करायचा कागद आहे, असं सांगायचं. घर माझं झालं की सोमवारी यांची रवानगी."

"आणि यांना कळलं तर?"

"यांना? त्याआधी त्या भिंतीला कळेल."

तिला हसू आवरेना. कुठे ठेवणार, असं तिने विचारलं. त्याने तोंडातला घास न गिळताच वृद्धाश्रमाचं नाव सांगितलं. दोन बस बदलून जावं लागेल, म्हणजे रोज उठून कुणाला जायला नको.

म्हाताऱ्याने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "सावकाश जेव. ठसका लागेल."

म्हाताऱ्याच्या हनुवटीवर अन्नाचा कण चिकटला होता. मुलाने मान फिरवली.

रविवारी वकील आला. मुलाने आधी टीव्ही बंद केला आणि घर एकदम निवांत झालं. वकिलाने कागद मांडले. मग दोघं खालच्या आवाजात काहीबाही ठरवू लागले. म्हातारा कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत राहिला. जरा कासावीस झाल्यासारखा वाटला.

"टीव्ही लाव," तो म्हणाला.

परक्या माणसासमोर तमाशा नको म्हणून मुलाने दात खात टीव्ही लावला, चांगला दणदणीत.

"विजेच्या मीटरचा कागद आहे, काका!" वकील ओरडला. "इथे सही करा." मग मुलाकडे वळून त्याने तेवढ्याच जोरात विचारलं, "बक्षीसपत्र आहे हे सांगितलं नाहीस ना?"

"छे! सही झाली की संपलं."

म्हाताऱ्याने पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपण परत लावलं.

"आता काय झालं?" मुलगा खेकसला. "लावला ना टीव्ही?"

"बरं केलंस. बंद असला की तुम्ही ओठातल्या ओठात बोलता." म्हाताऱ्याने कागद परत सरकवला. "त्या आश्रमाचं नाव तेवढं पुन्हा सांग. बुधवारी तुझ्या तोंडात घास होता."