चढाला उतरायचं

“ही एवढीशी बाईक घेऊन समुद्रापर्यंत? पहिल्या चढावरूनच परत येशील,” दादा म्हणाला. “आलीस की बाबांची ही गाडी मी विकून टाकणार.”

मी किक मारली.

पहिल्यांदा थांबले तेव्हा मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडलेले दिसले. ते इतके घट्ट होते की बंद करायला टाच मारावी लागली. पुढच्या थांब्यावर ते पुन्हा उघडेच.

पंक्चरवाला हवा भरत म्हणाला, “डबलसीट आहात, मागे जरा जास्त भरतो.”

“मी एकटीच आहे.”

त्याने माझ्या मागे पाहिलं आणि हवा जास्तच भरली.

घाटात गाडी पहिल्या गिअरवरही धापा टाकायला लागली. मागे फिरले असते तर दादा जिंकला असता. मी ब्रेक दाबला आणि मान न वळवता, छोट्या गाडीवर मागच्याला सांगतात तसं ठणकावलं, “उतर. चढ आहे. वर चालत ये.”

मागच्या सीटखालची दबलेली स्प्रिंग वर आली. गाडी सरसर चढली.

चढ संपला की मागच्यासाठी थांबायचं असतं. पळून जाता आलं असतं, पण मी घाबरून पळणाऱ्यातली नाही. इंजिन चालू ठेवून थांबले. आरशात मागचा रस्ता रिकामा होता.

स्प्रिंग दबली. मग पुन्हा दबली, आणखी खोल.

“दोघंही नीट सरकून बसा,” मी गिअर टाकत म्हणाले. “आता मी समुद्रावरच थांबणार.”