नव्या फ्रिक्वेन्सीला हरकत

"कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा," वेलिंग्टनहून आलेला विमान खात्याचा अधिकारी म्हणाला. नोलीन हरकत घ्यायलाच आली होती.

रग्बी क्लबच्या हॉलमध्ये गाव जमलं होतं. बाहेर वारा पिसाळलेला. त्यामुळे विमानं जमिनीला बांधून ठेवलेली आणि वैमानिक सगळे खुर्च्यांवर. गावची धावपट्टी आणि डोंगरापलीकडची धावपट्टी, दोन्हीकडचे वैमानिक रेडिओवर एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचे. दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी वाजायची, कुणाचं कुणाला कळायचं नाही. म्हणून या गावाला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यायचं चाललं होतं, पण गावाचं म्हणणं ऐकून मगच.

नोलीनची लेक टेसा पुढच्या रांगेत बसली होती. ती खताचं विमान चालवायची. उतारांवरच्या कुरणांवर खत टाकत दिवसभर वरखाली करायची. माझ्यावर पहारा ठेवू नकोस, असं तिनं आईला बजावलं होतं. मग नोलीन, घरातला जुना रेडिओ देऊन टाकला, असं सांगून मोकळी झाली. रेडिओ कोठीत होता, पीचच्या बरण्यांमागे. धावपट्टीवर उतरत असल्याचं टेसा रेडिओवर बोलली की मगच नोलीनच्या घशाखाली घास उतरायचा.

तो रेडिओ तिच्या नवऱ्यानं, तो हयात होता तेव्हा, त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर कायमचा बसवून दिलेला. ती बदलली की तो मुका. नवा घ्यायचा तर गावातल्या दुकानातूनच, आणि तिथून घेतलेली वस्तू घरी पोचायच्या आधी तिची बातमी टेसाच्या कानावर गेली असती.

डगल उठला. निम्म्या गावाला त्यानं उडायला शिकवलं होतं, टेसालाही.

"मी इथं उडायला लागलो तेव्हा हे साहेब पाळण्यातसुद्धा नव्हते," तो म्हणाला. लोक हसले. "इतक्या वर्षांत कुणाची कुणाशी टक्कर झाली? बरं, टक्कर राहू द्या. होता होता वाचली, असं एक तरी सांगा. एक."

नोलीननं लेकीकडे पाहिलं. टेसा स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

गेल्या मंगळवारी बटाटे सोलता सोलता नोलीननं ऐकलं होतं. टेसाचा अर्धाच शब्द आला, त्यावर पलीकडच्या कुणाचा तरी आवाज चढला आणि शिट्टी वाजली. लगेच डगलचा संथ सूर: धावपट्टीवर येतोय, उड्डाणाला निघतोय. मग काहीच नाही. सोलणी हातात तशीच राहिली. मग टेसा बोलली, ओळखू येणार नाही अशा आवाजात, की पुन्हा वर जाते, फेरी मारून येते. त्या संध्याकाळी ती आईकडे जेवायला आली, मटण दोनदा वाढून घेतलं आणि त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डगल दुकानात सगळ्यांना सांगत होता, पोरगी माझ्या डोक्यावरून घासून गेली, म्हाताऱ्याची गंमत करते, मीही हात हलवला.

टेसा का गप्प आहे हे नोलीनला कळत होतं. डगलच्या परवान्याची तपासणी तोंडावर आली होती, आणि वर न बघता तो धावपट्टीवर आला हे कळलं तर परवाना गेला असता. ज्यानं आपल्याला उडायला शिकवलं त्याचं उडणं आपल्या तोंडून बंद व्हावं, हे तिच्यानं होणार नव्हतं.

"मग तसं एकही उदाहरण नाही, असं लिहून घेऊ?" अधिकाऱ्यानं विचारलं.

काही न बोलता बसून राहिलं तरी चालणार होतं. फ्रिक्वेन्सी राहिली असती, रेडिओ राहिला असता. नोलीन उभी राहिली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"आहे," ती म्हणाली. "मंगळवारी. माझी मुलगी उतरत होती. तिनं तसं सांगितलं, पण पलीकडचा कुणी मध्येच बोलला. डगल, तुला ते ऐकूच गेलं नाही. ती तुझी गंमत करत नव्हती रे. तू खाली होतास म्हणून तिनं विमान वर उचललं."

डगलच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माझ्या कोठीत रेडिओ आहे. मी रोज ऐकते."

मागे कुणीतरी खाकरलं. टेसानं मान वळवली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले. डगलनं तिला विचारलं, खरं का. तिनं मान डोलावली. मग तो अधिकाऱ्याला म्हणाला, "माझी हरकत नाही, असं लिहा." आणि टोपी घेऊन, चहाला न थांबता निघून गेला.

फ्रिक्वेन्सी बदलायचं ठरलं. चहा झाला. लोक नोलीनशी हवेबद्दल बोलले, मेंढ्यांबद्दल बोलले, बाकी कशाबद्दल नाही. ती गाडीत येऊन बसली. थोड्या वेळानं पलीकडचं दार उघडलं आणि टेसा आत आली. वाऱ्यानं गाडी हलत होती.

"कधीपासून ऐकतेस?"

"तू उडायला लागलीस तेव्हापासून."

आता टेसा काय बोलेल, की कायमचं बोलणंच टाकेल, या धास्तीनं नोलीननं किल्ली फिरवायला हात पुढे केला.

"त्या मंगळवारी उतरल्यावर मी विमानातून बाहेरच आले नाही," टेसा म्हणाली. "रेडिओ बंद केला आणि तशीच बसून राहिले. ते तुला ऐकू आलं नसेल."

"नाही."

नोलीननं किल्लीवरचा हात काढून घेतला.

"सांग," ती म्हणाली.