बारावा वीरगळ

लढाईत पडलेल्या अकरा जणांचे वीरगळ बघायला सेनापती पाथरवटाकडे आला, तर बारावा दगड घोंगड्याखाली झाकलेला. त्यानं घोंगडं ओढलं. दगडातल्या वीराच्या हनुवटीवर त्याच्यासारखाच आडवा व्रण होता.

"कुणी सांगितला हा?"

"महाराजांनी. मागल्या पुनवेला." पाथरवटानं मान खाली घातली. "व्रण विसरू नको म्हणाले."

वडिलांमागं थोरला राजा झाला होता, धाकटा सेनापती. नव्या मोहिमेचा विडा तर थोरल्यानं आज सकाळी दिला होता, आणि पाठराखणीला स्वतःचे शंभर स्वारही.

सेनापतीनं दगडावरून बोट फिरवलं. "घाव कुठं कोरणार?"

"छातीवर, धनी. वीराचा तिथंच असतो."

"पाठीवर कोर," तो म्हणाला आणि बाहेर थांबलेल्या त्या स्वारांकडे चालू लागला.